कोऱ्या चहाची लाज कसली?

दिवाळीच्या आसपासचे दिवस आमच्या बीड जिल्ह्यातल्या शिक्षकांसाठी धावपळीचे असतात. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात असतात आणि त्यांच्याबरोबर आमच्या वर्गातली मुलेही. मुकादमाकडून उचल घेऊन झालेली असते, कोयत्यांना धार लागलेली असते, ट्रॅक्टर कोणत्याही दिवशी दारात उभा राहणार असतो. अशा वेळी घरोघर जाऊन ‘मुलीला आजीजवळ ठेवा, हंगामी वसतिगृहात ठेवा, पण शाळेतून नेऊ नका’ अशी विनवणी करणे हे आमचे ठरलेले काम.

काही वर्षांपूर्वी अशाच एका घरी गेले होते. मुलगी सहावीत, मराठीत चांगली. तिच्या आईने मला चटईवर बसवले आणि न विचारताच चुलीवर पाणी ठेवले. थोड्या वेळाने स्टीलच्या पेल्यात चहा आला. पेला ठेवताना तिची मान खाली होती. “बाजी, दूध नहीं है. काली चाय है, चलती क्या?”

“चलती ना,” असे म्हणून मी तो प्यायले. चहा कडू होता आणि साखर अतोनात होती. तो कडूपणा झाकण्यासाठीच ती घातलेली होती. मग मुलीचा विषय काढला, पण ती माउली माझ्या नजरेला नजर देईना. घरी आलेल्या बाजीला नीट चहा पाजता आला नाही, हेच तिच्या मनात घोळत असावे. हो-ना करत बोलणे संपले आणि मी उठले. त्या हंगामात मुलगी टोळीबरोबर गेली. चहामुळे गेली असे मी म्हणत नाही. पण त्या दिवशी आम्हा दोघींच्या मध्ये तो पेला येऊन बसला होता, एवढे खरे.

ही लाज माझ्या ओळखीची होती. 1972च्या दुष्काळात माझी अम्मी नवी नवरी होती. गुरे चाऱ्यावाचून गेली, दूध गेले, घरात लाल मिलोची भाकर आली. भाकरीचे तिला एवढे वाटले नाही. सगळीकडे तीच परिस्थिती होती. पण मेहमान आला की कोरा चहा पुढे करावा लागे, ते तिला आजही आठवते. पुढे दिवस बरे आले. तरीही आमच्या लहानपणी पाहुण्याची चाहूल लागली की आमच्यापैकी एकाच्या हातात तांब्या देऊन तिची आज्ञा व्हायची, “जा, पाव लिटर दूध लेके आ, उधार बोल.” दुधाच्या वहीतला हिशेब महिनाअखेर वाढत गेला तरी चालेल, पण दस्तरखानावर काळा चहा नको.

ही लाज घरातून निघाली ती अब्बांच्या आजारामुळे. साठी उलटल्यावर त्यांना साखरेचा आजार निघाला. दिवसाला पाच कप दुधाचा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. म्हणजे दिवसाला दहा चमचे, जवळपास 45 ते 50 ग्रॅम साखर केवळ चहातून. डॉक्टरांनी साखर बंद सांगितली. बिनसाखरेचा दुधाचा चहा अब्बांच्या घशाखाली उतरेना. घरात रोज कुरबुर.

त्याच सुमारास फौजेत असलेला माझा भाचा सिलीगुडीकडच्या नेमणुकीवरून सुटीवर आला. येताना दार्जिलिंगच्या चहाची एक पुडी घेऊन आला. आम्ही ती उघडली तर आत भुकटी नव्हती, वाळलेली, पीळ पडलेली लांबट पाने होती. काही हिरवट, काही तपकिरी. आम्ही आपल्या पद्धतीने आले-वेलदोडा घालून, दूध ओतून ती दहा मिनिटे खळखळा उकळली. अब्बांनी एक घोट घेऊन विचारले, “ये क्या घास उबाले?” भाचा हसून म्हणाला, “खाला, ही पाने उकळायची नसतात. यांना दूधही लागत नाही.”

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः चहा केला. उकळते पाणी खाली उतरवले, त्यात पाने टाकली, झाकण ठेवले, तीन मिनिटांनी गाळले. तरीही रंग मळकट आला आणि वर पातळ तवंग धरला. दोष पानांचा नव्हता, आमच्या बोअरच्या पाण्याचा होता. जड पाण्यातले क्षार चहातल्या घटकांशी मिळून असा तवंग धरतात आणि चव मारतात. मग जारच्या पाण्याचा चहा केला, तेव्हा कपात मधासारखा स्वच्छ रंग उतरला. फुलांसारखा मंद वास आला. अब्बा दोन घोट घेऊन थांबले. “शक्कर नहीं डाले?” “नाही.” “फिर कडवी क्यों नहीं है?”

त्यांच्या या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मला चहा थोडा कळला.

काळा, हिरवा, पांढरा असे सगळे खरे चहा एकाच झाडाच्या पानांपासून होतात. फरक आहे तो पानांवर होणाऱ्या कामाचा. पाने खुडल्यावर लगेच वाफेने किंवा गरम कढईत तापवली तर ती हिरवी राहतात, तो हिरवा चहा. पाने कोमेजू देऊन, मळून, हवेत तांबूस होऊ दिली आणि मग वाळवली तर काळा चहा. अर्धवट तांबूस होऊ दिला तर ऊलाँग. या जुन्या पद्धतीने पान बरेचसे अखंड राहते. तिला व्यापारात ‘ऑर्थोडॉक्स’ म्हणतात. 1930च्या दशकात आसामात एक यंत्र आले. त्याचे दातेरी रूळ पान चिरडतात, फाडतात आणि गोळी वळतात. हा ‘सीटीसी’ चहा. आपल्या किराणा दुकानातली दाणेदार पत्ती ती हीच. देशात तयार होणाऱ्या चहाचा फार मोठा भाग सीटीसीच असतो. चाळणीच्या तळाशी उरतो तो बारीक ‘डस्ट’.

दाणा जितका बारीक, तितका रंग आणि कडकपणा लवकर उतरतो. दुधातली प्रथिने हा तुरटपणा धरून ठेवतात, म्हणून दूध घातले की कडक चहाही मऊ लागतो. म्हणजे बारीक पत्ती मुळात दुधासाठीच सोयीची. तीच पत्ती, तेवढीच मापाने, तेवढाच वेळ उकळून फक्त दूध वगळले तर चहा कडूजहर होणारच. अम्मीचा दुष्काळातला चहा आणि त्या माउलीचा चहा कडू का होता, हे मला तेव्हा उमगले. दूध नसण्यात दोष नव्हता. दुधाच्या चहाची रीत कोऱ्या चहाला लावली जात होती.

उर्दू शिकवणाऱ्या माणसाला या ठिकाणी मौलाना आझाद आठवल्याशिवाय राहत नाहीत. आमचा आष्टी तालुका ज्या जिल्ह्याला लागून आहे, त्या अहमदनगरच्या (आता अहिल्यानगरच्या) किल्ल्यात 1942च्या ऑगस्टपासून 1945पर्यंत ते कैदेत होते. तिथे लिहिलेली पत्रे 1946 मध्ये ‘ग़ुबार-ए-ख़ातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांत चहाविषयी मौलानांनी मनापासून लिहिले आहे. पहाटे, सगळे झोपेत असताना ते स्वतःच्या हाताने चहा करीत. पाने चिनी, दूध अजिबात नाही. चहात दूध घालून लोक त्याचे भलतेच काहीतरी करून टाकतात, ही त्यांची तक्रार होती. हा उतारा मी किती वेळा वाचला असेल, पण माझ्या घरातल्या कोऱ्या चहाशी त्याचा संबंध कधी जोडला नव्हता. मौलानांनी जे आवडीने निवडले, तेच तीस वर्षांनी शेजारच्या जिल्ह्यात अम्मीला लाजेने करावे लागले.

तेव्हापासून आमच्या घरी वर्षातून दोन-तीनदा वेगळी पत्ती येते. छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याला कोणी गेले की 50 ग्रॅम मागवायची. आवडली तरच पुन्हा आणायची. अनुभवावरून थोडक्यात सांगते.

दार्जिलिंगचा चहा हलका आणि सुगंधी. मार्च-एप्रिलच्या पहिल्या खुडणीचा फिकट आणि ताजा लागतो, मे-जूनच्या दुसऱ्या खुडणीचा थोडा भरलेला. यात दूध घालणे म्हणजे पैसे पाण्यात. आसामचा अखंड पानांचा चहा रंगाने लालभडक आणि चवीला दमदार. दुधाशिवाय राहवत नसेल तर यात दोन चमचे दूध खपते. निलगिरीचा चहा सौम्य, लिंबाशी त्याचे छान जमते. हिमाचलातल्या कांगड्याचा हिरवा चहा मला सकाळी शाळेआधी आवडतो. काश्मिरी कहवा हिरव्या पानांचाच. त्यात केशर, दालचिनी, वेलदोडा आणि बदामाचे काप. काश्मीरचा नून चाय मात्र याच्या उलट. तिथे पाने चिमूटभर सोडा घालून खूप वेळ उकळतात, मग दूध आणि मीठ घालतात आणि रंग गुलाबी येतो. आपल्याकडचा गवती चहा हे निराळेच गवत आहे, त्यात चहाचे पान नसते.

आणि सुलेमानी तर आपल्या घरचीच. बिर्याणीनंतर लिंबू पिळलेली, वेलदोड्याच्या वासाची सुलेमानी आपण कौतुकाने पितो. तोही कोरा चहाच की! लग्नाच्या दावतीत तो शानदार आणि गरिबाच्या घरात तो लाजिरवाणा, हा कुठला न्याय?

पानांचा चहा करताना एका कपाला एक सपाट चमचा, म्हणजे साधारण दोन ग्रॅम पाने घ्यावीत. काळ्या चहाला नुकतेच उकळलेले पाणी आणि तीन-चार मिनिटे पुरतात. हिरव्या चहाला उकळते पाणी चालत नाही, तो कडू होतो. त्यासाठी तीन वाट्या उकळत्या पाण्यात एक वाटी साधे पाणी मिसळावे आणि दोनच मिनिटे पाने ठेवावीत. चांगली पाने दुसऱ्यांदाही चव देतात. बोअरचे पाणी जड असेल तर एकदा उकळून, निवळू देऊन वरचे पाणी वापरावे. पाने घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाल्यांपासून दूर ठेवावीत. चहा शेजारचा वास चटकन ओढून घेतो.

हे सगळे महाग वाटेल. हजार रुपये किलोची पत्ती घेतली तर दोन ग्रॅमचे दोन रुपये होतात. कपातले दूध आणि साखर वाचते ती वेगळीच. तरीही ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी नेहमीचीच किराणा पत्ती घ्यावी. एका कपाला अर्धा चमचा पुरे. पाणी उकळले की भांडे खाली उतरवावे, मग पत्ती टाकावी, दोन मिनिटे झाकून गाळावे. वरून लिंबाचे चार थेंब टाकले की रंग खुलतो, तवंगही जातो. साखर चिमूटभर लागेल, नाहीतर लागणारही नाही.

दोन-तीन गोष्टी जपायला हव्यात. सुटी पत्ती घेताना ती रंगवलेली नाही ना, हे पाहावे. ओल्या पांढऱ्या टिपकागदावर पत्ती थोडा वेळ ठेवावी. कागद धुतल्यावर गडद डाग राहिले तर ती पत्ती परत करावी. दुसरे, जेवणाबरोबर चहा नको. चहामुळे अन्नातले लोह अंगी कमी लागते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024च्या मार्गदर्शनातही जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा टाळायला सांगितले आहे. आपल्या वाढत्या मुलींसाठी हे फार महत्त्वाचे आहे, आणि रमजानमध्ये इफ्तारच्या जेवणानंतर लगेच चहा घेणाऱ्या सर्वांसाठीही. तिसरे, हिरवा चहा म्हणजे औषध नव्हे. अब्बांची साखर उतरली ती गोळ्या, चालणे आणि ते दहा चमचे बंद झाल्याने.

अब्बा आजही सकाळी एक कप दुधाचा चहा घेतात, बिनसाखरेचा. बाकी दिवसभर कोरा. आणि अम्मी आता मेहमानांना विचारते, “काली पियेंगे या दूध की?” तिने हा प्रश्न पहिल्यांदा विचारला, तेव्हा मी स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले.

गेल्या दिवाळीआधी मी त्या मुलीच्या घरी पुन्हा गेले. तिची धाकटी बहीण आता माझ्या वर्गात आहे. आईने चुलीवर पाणी ठेवताच मी म्हटले, “मेरे कू काली च होना.” तिने माझ्याकडे पाहिले, मी थट्टा तर करत नाही ना म्हणून. मग आम्ही दोघींनी मिळून चहा केला, कमी पत्तीचा, न उकळता. दारातल्या झाडाचे लिंबू पिळले. तिने घोट घेतला आणि “बगैर शक्कर की?” म्हणून हसली. त्या दिवशी आम्ही तासभर बोललो. धाकटी या हंगामात आजीजवळ राहिली आहे, अल्हम्दुलिल्लाह. श्रेय चहाचे नाही, आजीचे आहे.

भगिनींनो, पुढच्या वेळी कोणी तुमच्यासमोर कोरा चहा ठेवला तर ‘चालेल’ म्हणू नका. आवडीने प्या आणि अजून अर्धा कप मागा.