एका अक्षराची गाठ, मोडक्या गुणसूत्रांचा कर्करोग

सोनोग्राफीच्या अहवालात ‘पिशवीत गाठ’ असं आलं की घरात पहिला प्रश्न येतो : कॅन्सर तर नाही ना? बहुतेक वेळा तो नसतो. ही गाठ म्हणजे फायब्रॉइड. पन्नाशीपर्यंत निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या गर्भाशयाच्या स्नायूत ती तयार होते आणि अनेकींना तिचा पत्ताही लागत नाही. त्याच स्नायूत क्वचित लायोमायोसार्कोमा नावाचा आक्रमक कर्करोगही होतो. दोन्हींचं मूळ एकाच प्रकारच्या पेशीत; पण आतला जनुकीय बिघाड अगदी निराळा.

फायब्रॉइडमधला मुख्य बिघाड हेलसिंकीच्या संशोधकांनी २०११ मध्ये शोधला. ८० स्त्रियांच्या २२५ गाठींपैकी सुमारे ७० टक्के गाठींत एक्स गुणसूत्रावरचं मेड१२ हे एकच जनुक बदललेलं होतं. बदलही केवढासा! बहुतेकदा डीएनएचं एक अक्षर बदलतं आणि प्रथिनातल्या ४४व्या जागी ग्लायसिनऐवजी दुसरं अमिनो आम्ल येऊन बसतं. इतर जनुकांचं काम नियंत्रित करणाऱ्या यंत्रणेचा हे प्रथिन एक भाग आहे. त्यामुळे गाठ वाढते, पण पेशीतली बाकी गुणसूत्रं बहुधा जागच्या जागी असतात.

कर्करोगाच्या पेशीत मात्र पार पडझड झालेली दिसते. गुणसूत्रांचे काही तुकडे गायब, काहींच्या जादा प्रती, काही भलतीकडेच जोडलेले. त्यात टीपी५३ आणि आरबी१ ही जनुकं वारंवार निकामी झालेली आढळतात. पहिलं डीएनए बिघडलेल्या पेशीला थोपवतं, दुसरं अवेळी होणारं विभाजन रोखतं. अनेक गाठींत एटीआरएक्सही बिघडलेलं असतं. एरवी प्रत्येक विभाजनागणिक गुणसूत्रांची टोकं झिजतात आणि पेशीच्या आयुष्याला मर्यादा पडते. एटीआरएक्स गमावलेल्या पेशी मात्र एका गुणसूत्राचं टोक नमुन्यादाखल वापरून दुसऱ्याचं झिजलेलं टोक पुन्हा लांबवू शकतात आणि विभागत राहतात.

मग नुसती मोडतोड म्हणजेच कर्करोग का? तसंही नाही. हेलसिंकीच्याच गटाला २०१३ मध्ये काही फायब्रॉइडांतही तुटून वेडीवाकडी जुळलेली गुणसूत्रं दिसली, तरी त्या गाठी निरुपद्रवीच होत्या. उलट, मेड१२मधला बदल काही लायोमायोसार्कोमांतही सापडतो. म्हणजे एका खुणेवरून निकाल देता येत नाही. बिघाड वाढत असताना पेशीला थांबवणारी जनुकं शाबूत आहेत का, हा कळीचा मुद्दा.

या कर्करोगावरच्या उपचारांची अडचणही इथेच आहे. औषधाने अतिसक्रिय प्रथिन दाबता येतं. हरवलेलं जनुक परत आणणं फार अवघड. तरीही एक वाट दिसते आहे. काही गाठींत डीएनए दुरुस्त करणारं बीआरसीए२ जनुकच नाहीसं झालेलं असतं. अशा दुरुस्तीतली उणीव हेरून ओलापॅरिब आणि टेमोझोलोमाइड ही औषधं एकत्र देण्याची चाचणी अमेरिकेत झाली. २२ रुग्णांच्या या छोट्या चाचणीत सुमारे चौथाई जणींच्या गाठी लक्षणीय आकसल्या.

शस्त्रक्रियेआधी या दोन गाठी ओळखणं अजूनही कठीण आहे. फायब्रॉइड समजून शस्त्रक्रिया होणाऱ्या साधारण ३५० स्त्रियांमागे एकीत न ओळखलेला सार्कोमा असू शकतो, असा अंदाज अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये मांडला आणि पोटातच गाठीचे बारीक तुकडे करणाऱ्या यंत्राबाबत इशारा दिला. त्यातून कर्करोग पोटात पसरण्याचा धोका होता. ठाम निदान बहुधा काढलेल्या गाठीच्या तपासणीतच होतं. पॅथॉलॉजिस्ट केंद्रकांचा बेढबपणा पाहतात, विभागणाऱ्या पेशी मोजतात, गाठीचा मृत झालेला भाग शोधतात. तरीही काही गाठी ‘अनिश्चित’ या वर्गात राहतात.

म्हणून काढलेली गाठ तपासणीला गेलीच पाहिजे. रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाला किंवा गाठ वाढू लागली, तर डॉक्टरांकडे जाण्यात चालढकल नको. पण त्रास न देणाऱ्या गाठीचा ‘पुढे कॅन्सर होईल’ या एवढ्याच धास्तीने गर्भाशय काढण्याला या संशोधनाचा आधार नाही. हा मुद्दा नुसता कागदावरचा नाही : बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेल्याच्या तक्रारींवरून २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. अशी धास्ती घालणाऱ्याला ‘कशावरून?’ असं विचारण्याचा हक्क प्रत्येकीला आहे.