प्राणहितेची अधुरी वाट

एटापल्लीच्या रानातून वाहणाऱ्या बांडियाचा पूर ओसरला आणि एकाच खोडातून कोरलेला डोंगा लांब बांबूच्या रेट्याने प्रवाह तिरका कापीत पैलतीराला लागला, की नदी अडवतेही आणि वाटही देते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

अमेरिकेच्या सरकारनेही नदीत अशीच वाट पाहिली होती. पश्चिम समुद्रापर्यंतचा जलमार्ग शोधण्यास १८०४ साली मिसुरी नदीतून निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांची वाट पुढल्याच वर्षी प्रचंड धबधब्यांनी अडविली, तेव्हा झाडाच्या खोडाचे गोल काप चाकांसारखे लावून सुमारे १८ मैल होड्या जमिनीवरून ओढून नेण्यात त्यांचा जवळजवळ महिना खर्ची पडला.

अर्ध्या शतकानंतर तीच आकांक्षा आमच्या प्राणहितेवर अवतरली. हिंगणघाटचा कापूस बैलगाड्यांनी मुंबईस नेण्याऐवजी नावांतून प्राणहिता-गोदावरीमार्गे पूर्व समुद्रास पोचवावा, ही सर आर्थर कॉटन यांनी पुरस्कारिलेली योजना होती. आणि दुम्मागुडेम, इंद्रावती-संगमाजवळील इंचमपल्ली व प्राणहितेतील देवलमारी येथील खडकाळ अडथळे बंधारे, कालवे आणि पाणदरवाजे बांधून ओलांडण्याचे काम हेग नावाच्या अभियंत्याकडे होते. १८६० साली निजामाकडून सिरोंचाचा मुलूख इंग्रजांच्या अमलाखाली आला, तर १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटून लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. त्यामुळे वऱ्हाडी कापसाची मागणी एकाएकी वाढली आणि या जलमार्गाचे महत्त्वही.

परंतु काठावरच्या रयतेची संमती कोणी विचारली होती? त्यापूर्वीच, १८५८ साली, मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी बंड पुकारले होते. त्यांच्या माणसांनी प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे तारायंत्र खात्याच्या छावणीवर हल्ला करून दोन गोऱ्या कर्मचाऱ्यांना ठार केले, आणि २१ ऑक्टोबर रोजी चांद्यास बाबुरावांना फाशी देण्यात आली.

पुढे १८६७ साली लोहमार्ग नागपुरास पोचताच कापसाला मुंबईची वाट सोपी झाली, आणि खर्चाच्या मानाने फळ न देणारे नदीतील काम १८७१ साली सरकारने सोडून दिले. माल बाहेर काढण्यापुरती आखलेली वाट मालाने पाठ फिरविताच ओस पडली. डोंग्याची वाट मात्र चालू राहिली, कारण तिच्यावरून आठवड्याच्या बाजाराला, सोयऱ्यांच्या गावाला आणि आजारी माणसाला घेऊन दवाखान्याला जावयाचे असते. या अरण्यासाठी उद्या कोणी नवा मार्ग आखील, तर त्याने प्रथम या डोंग्यात बसून पैलतीरास जाऊन यावे.