दोष पॅलेटचा की माझा?

रविवारची सकाळ. अर्धं नागपूर तर्री-पोह्यांच्या ठेल्यापुढे उभं आणि मी डायनिंग टेबलवर मिलिग्रॅमचा काटा मांडून एकेक छर्रा तोलतेय! चिमट्याने उचला, काट्यावर ठेवा, आकडा बघा, डबीत टाका. ५२८ मिलिग्रॅमवाले इकडे, ५३२ वाले तिकडे... आई चहा घेऊन आली, दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "काय गं, इतवारीत सराफीचं दुकान टाकून राहिली का?"

हसू नका. प्रकरण गंभीर होतं. सोमवार ते शुक्रवार वर्धा रोडवरच्या ऑफिसात एक्सेल शीट आणि शनिवार-रविवार १० मीटर एअर रायफल, हे माझं दोन वर्षांपासूनचं रुटीन. गेल्या मोसमात एका स्पर्धेचा कटऑफ अवघ्या दोन गुणांनी हुकला. साठ शॉट्समध्ये दोन गुण! घरी येऊन रडले, मग चिडले आणि मग गुन्हेगार शोधला. तो सापडला पॅलेटच्या डब्यात. पाचशे छर्रे, सगळे म्हणे सारखे. तोलून बघितले तर ५२५ पासून ५३६ पर्यंत! झालं, मला पुरावा मिळाला.

वेड एकटीचं नाही

हे वेड माझं एकटीचं नाही. अमेरिकेत हजारो नेमबाज आपली काडतुसं घरीच भरतात. त्याला हँडलोडिंग म्हणतात. वापरलेली पितळी केस स्वच्छ करायची, नवी कॅप बसवायची, दारू तोलून भरायची, वर गोळी ठरावीक खोलीवर बसवायची. दारू तोलताना तिथे एक दशांश ग्रेनचा, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅमचा हिशेब चालतो.

आपल्याकडे हा छंद नाही. परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा घरी प्रयोगाचा विचारही नको. दारूगोळा हा इथे कारखान्याचा विषय. पुण्याजवळच्या खडकीत तो १८६९ पासून बनतो. नागपूरकरांना अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी वेगळी सांगायला नको! मग आमच्यासारख्यांच्या हातात काय उरतं? डबा निवडणं आणि छर्रे तोलणं. गरिबांचं हँडलोडिंगच म्हणा!

पण या सगळ्या काटेकोरपणाचा नेमावर खरंच किती परिणाम होतो?

थोडं गणित, घाबरू नका

एअर रायफलचा छर्रा साधारण सेकंदाला १७० मीटर वेगाने जातो. १० मीटर जाईपर्यंत तो गुरुत्वाकर्षणाने सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. छर्रा एक टक्का जड असेल तर वेग साधारण अर्धा टक्का कमी होतो आणि छर्रा आणखी ०.१७ मिलिमीटर खाली लागतो. आमच्या टार्गेटवर ०.१ गुण म्हणजे पाव मिलिमीटर. म्हणजे माझ्या डब्यातला सगळ्यात हलका आणि सगळ्यात जड छर्रा, दोघांत फरक पडणार जेमतेम ०.१५ गुणाचा.

आता अंतर वाढवा. ५० मीटरवर पॉइंट टू टूची गोळी १२-१३ सेंटिमीटर खाली येते. वेगात एक टक्का फरक पडला तर अडीच मिलिमीटर इकडेतिकडे. तिथे दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, त्यामुळे हा फरक जाणवतो. आणि ९०० मीटरवर? तिथे मोठ्या रायफलची गोळी दहा मीटरहून जास्त खाली येते. एक टक्का म्हणजे वीस सेंटिमीटरच्या वर! लांब पल्ल्याचा नेमबाज दारूचा कण न् कण तोलतो, ते उगाच नाही.

अंतर जितकं लांब, तितकी गोळीची चूक महाग. माझं अंतर होतं १० मीटर आणि चिंता मात्र ९०० मीटरवाल्याची!

सरांची परीक्षा

मी तोललेल्या छऱ्यांनी पाच शॉट मारले, न तोललेल्यांनी पाच. तोललेले जवळजवळ लागले. नाचतच सरांकडे गेले. सरांनी टार्गेट बघितलंही नाही. "पोरी, पाच शॉटनं काही कळत नसते. साठ मार, मंग सांग."

मग त्यांनी माझ्या छऱ्यांच्या दोन डब्या केल्या. एकीत तोललेले, एकीत सरळ डब्यातले. वर 'अ' आणि 'ब'. कुठलीत काय, ते फक्त त्यांनाच माहीत. दोन रविवार, प्रत्येकी साठ शॉट. 'अ' चे झाले ६०१.३, 'ब' चे ६०२. सर मिश्कील हसले. 'ब' म्हणजे न तोललेले!

एवढ्यावरून न तोललेले चांगले, असं मुळीच नाही. फरक इतका छोटा होता की माझ्या हलण्यात तो बुडून गेला. इथे दहावीतला पायथागोरस आठवा. नेमातल्या चुकांची सरळ बेरीज होत नाही, त्यांच्या वर्गांची होते आणि मग वर्गमूळ. समजा, माझ्या हातामुळे शॉट ८ मिलिमीटरमध्ये पसरतात आणि रायफल-छऱ्यामुळे २. एकूण पसारा १० नाही, सव्वाआठ. छर्रा शंभर टक्के अचूक केला तरी ८. महिनोन् महिने तोलून कमाई किती? पाव मिलिमीटर! त्याऐवजी हात ८ वरून ६ वर आणला, तर एकूण पसारा ६.३. कमाई जवळपास दोन मिलिमीटर.

आता तेच गणित चॅम्पियनचं. त्याचा पसारा ३ आणि छऱ्याचा २ धरला तर एकूण ३.६. छर्रा १ वर आणला की ३.२ च्या आत. त्याच्यासाठी हा फरक सोन्याच्या भावाचा! २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने ७००.५ गुणांनी सुवर्ण जिंकलं, रौप्यवाल्याचे ६९९.७. फरक ०.८ गुण, म्हणजे आमच्या टार्गेटवर दोन मिलिमीटर. आपल्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली ती ६०० पैकी ५९७ गुणांनी. अशा पातळीवर खेळणाऱ्यांसाठी एली, लापुआसारख्या कंपन्यांच्या टेस्ट रेंज आहेत. तिथे रायफल शिकंज्यात घट्ट बसवून वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या मारून बघतात आणि तिला मानवणारा लॉट निवडतात. एकाच कंपनीच्या दोन लॉटचा निकाल एकाच रायफलमधून वेगळा येऊ शकतो.

मग माझं काय चुकत होतं? सरांनी तीन आठवडे पॅलेटच बंद केले. रिकामी रायफल, कोरी भिंत, ट्रिगर दाबल्यावरही नजर साइटवर. ट्रिगर दाबला की मी लगेच डोकं वर करून निकाल बघत होते! शॉट कुठे गेला, याची घाई. ऑफिसात मेल पाठवून रिप्लायसाठी रिफ्रेश मारत बसते ना, अगदी तसंच. ही चूक कुठल्याच काट्यावर दिसत नव्हती. आणि खरं सांगू? छऱ्याला दोष देणं सोपं होतं. काटा विकत मिळतो, सवय मोडायला घाम गाळावा लागतो.

कटऑफ अजून गाठलेला नाही. पण आता हुकले तर कुणामुळे, ते पक्कं माहीत आहे. काटा आईकडे गेलाय. परवा श्रीखंडात घालायचं केशर तोलत होती!

रेंजवर जाणार असाल तर...

- चांगल्या कंपनीचे मॅच पॅलेट घ्या. दोन-तीन लॉट मारून बघा आणि मानवेल त्याचेच चार-सहा डबे एकदम घेऊन ठेवा.
- तोलण्याआधी डोळ्यांनी बघा. मागची कड चेपलेला छर्रा बाजूला काढा. वजनातल्या मिलिग्रॅमपेक्षा तो जास्त घात करतो.
- पाच शॉट्सवरून निष्कर्ष काढू नका. साठ मारा आणि डबीवरचं नाव झाका.
- आधी स्वतःचा पसारा मोजा. तो छऱ्याच्या पसाऱ्याजवळ आला की खुशाल काटा आणा!