औषधे, जनुके आणि लोकसमूहांची नोंदवही

कार्बामाझेपीन हे फिट्सवरचे जुने, स्वस्त आणि भरवशाचे औषध. बहुतेकांना ते मानवते. मोजक्या रुग्णांना मात्र गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच ताप येतो, तोंडात आणि डोळ्यांत फोड उठतात, भाजल्यासारखी कातडी सुटू लागते. ‘स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम’ ही विक्रिया जिवावरही बेतते.

ती कोणाला होणार, याचा धागा 2004 मध्ये तैवानमधील संशोधकांच्या हाती लागला. विक्रिया झालेल्या 44 हान चिनी रुग्णांपैकी 44 जणांत एचएलए-बी*15:02 हा जनुकप्रकार होता. औषध पचवलेल्या 101 जणांपैकी अवघ्या तिघांत. या जनुकापासून बनणारे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर असते आणि आपले-परके ओळखण्यात रोगप्रतिकारक टी-पेशींना मदत करते. 15:02 प्रकारच्या प्रथिनाशी औषध जोडले गेले की टी-पेशी आपल्याच त्वचेवर तुटून पडतात.

पुढे तैवानमध्येच 4,877 जणांची औषधाआधी तपासणी झाली. जनुकप्रकार सापडलेल्या 372 जणांना दुसरे उपचार दिले गेले. अंदाजाने दहाएक जणांना विक्रिया व्हायला हवी होती. एकालाही झाली नाही.

मग ही तपासणी सर्वत्र का होत नाही? याचे उत्तर जनुकांच्या नोंदवह्यांत सापडते. लिव्हरपूल विद्यापीठातील ‘अ‍ॅलील फ्रीक्वेन्सी नेट डेटाबेस’मध्ये कोणता एचएलए प्रकार कोणत्या लोकसमूहात किती आढळतो, याची नोंद असते. 2000 मध्ये स्टॅनफर्ड येथे सुरू झालेली ‘फार्मजीकेबी’ ही नोंदवही जनुकप्रकार, औषध आणि परिणाम यांची सांगड घालते. 15:02 हा प्रकार हाँगकाँग, थायलंड, मलेशिया येथे 15 टक्क्यांहून अधिक लोकांत आढळला आहे, तैवानमध्ये सुमारे 10 टक्के, जपान-कोरियात एका टक्क्याहूनही कमी. युरोपीय वंशाच्या लोकांत तो जवळपास नाहीच. म्हणजे ‘आशियाई’ असा एकच शिक्का मारला, तर टोकियो आणि बँकॉक एकाच रकान्यात येतात आणि आकडा दोघांनाही लागू पडत नाही.

भारताची सरासरी 2 ते 4 टक्के सांगितली जाते, पण काही गटांत प्रमाण जास्त असते. पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्ने होत आल्याने आपल्याकडे सरासरी विशेष फसवी ठरते. दक्षिण भारतातील आर्यवैश्य समाजाचेच पाहा. भूल देताना स्नायू सैल करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या सक्सिनिलकोलीनचा अंमल एरवी काही मिनिटांत उतरतो. या समाजातील काहींत ते औषध मोडणारे विकर जवळपास नसते आणि रुग्णाला तासन्‌तास व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते.

असे बारकावे परदेशी नमुन्यांतून कळणार नाहीत. म्हणूनच ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने 80 हून अधिक लोकसमूहांतील सुमारे 10 हजार जणांचे जीनोम वाचले. ही माहिती जानेवारी 2025 मध्ये संशोधकांना खुली झाली.

नोंदवही समाजाचा कल सांगते. समोरच्या रुग्णाचे काय, हे त्याचे जनुक तपासूनच कळते. म्हणून कुटुंबात कोणाला एखादे औषध बाधले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. फिट्सची गोळी मनानेच बंद करू नये. मात्र ती सुरू केल्यावर पुरळ उठले किंवा तोंडात फोड आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.