राऊटरचे फर्मवेअर बदलल्यानंतर : अस्थैर्य, मेमरी आणि कारणाचा शोध

वसतिगृहात राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्वी दिवा, वही आणि ग्रंथालयाचे उघडे दार एवढे मिळाले तरी पुष्कळ वाटे. आज त्या यादीत भिंतीवर टांगलेल्या एका लहानशा डब्याची भर पडली आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावा लागतो. अकरावीच्या प्रवेशफेऱ्या, स्पर्धापरीक्षांचे अर्ज, प्रवेशपत्रे, निकाल हे सारे त्याच वाटेने येते. अर्जाच्या शेवटच्या रात्री हा डबा बंद पडला, तर नुकसान यंत्राचे होत नाही. एखाद्या मुलीचे वर्ष जाते. म्हणूनच राऊटर नावाच्या या वस्तूचा विचार स्मरणिकेच्या पानांवर करणे आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही.

माजी विद्यार्थी आणि पालक यांच्याकडून एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते. राऊटर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालत होता. त्याचे फर्मवेअर नव्या आवृत्तीवर नेले आणि तेव्हापासून तो दिवसातून दोन-तीनदा आपोआप बंद होऊन सुरू होतो, वाय-फाय नाहीसे होते, सेटिंगचे पान उघडत नाही. यावर बाजारातील उत्तर ठरलेले असते : ‘डबा जुना झाला, नवा घ्या.’ मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबासाठी नवा डबा म्हणजे काही दिवसांची मजुरी. हे उत्तर कधी खरेही असते; परंतु कारण न शोधता दिलेले उत्तर हा निदानाचा नव्हे, विक्रीचा भाग होय. कारण कसे शोधावे, हे प्रस्तुत लेखात मांडत आहोत.

फर्मवेअर आणि दोन प्रकारच्या मेमरी

राऊटर हा एक छोटा संगणकच आहे. त्याला चालविणाऱ्या आज्ञावलीस फर्मवेअर म्हणतात. ती ‘फ्लॅश’ नावाच्या कायम मेमरीत साठविलेली असते. वीज गेली तरी ती पुसली जात नाही. राऊटर सुरू झाला की ही आज्ञावली ‘रॅम’ या कामाच्या मेमरीत उतरते आणि तेथे राहून काम करते. फ्लॅश हे कपाट मानले, तर रॅम म्हणजे अभ्यासाचे टेबल. कपाटात पुस्तक मावले म्हणून ते उघडून बसण्याइतके टेबल मोठे असेलच असे नाही. अपग्रेडनंतरच्या बहुतेक मेमरीविषयक तक्रारींचे मूळ येथे आहे : नवी आवृत्ती कपाटात मावते, टेबलावर मावत नाही.

थोडा इतिहास

लिंकसिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा घरगुती राऊटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. त्याच्या आरंभीच्या आवृत्त्यांत १६ मेगाबाइट रॅम आणि ४ मेगाबाइट फ्लॅश होती. त्याचे फर्मवेअर लिनक्सवर उभे असल्याचे जाणकारांच्या लक्षात आले. लिनक्सचा परवाना असा आहे की, त्यावर उभारलेली वस्तू विकणाऱ्याने तिची मूळ आज्ञावली ग्राहकास उपलब्ध करून दिली पाहिजे. त्यानुसार २००३ मध्ये ती खुली झाली आणि २००४ मध्ये तिच्यातून ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा लोकांनी चालविलेला फर्मवेअर प्रकल्प उभा राहिला. ज्ञानाला कुलूप लावणारी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या भोगलेल्या समाजाला या घटनेचे मोल वेगळे सांगावयास नको.

पुढचा भाग मेमरीचा आहे. २००५ मध्ये त्याच राऊटरची पाचवी आवृत्ती आली, तेव्हा रॅम ८ आणि फ्लॅश २ मेगाबाइटवर आणली गेली आणि लिनक्सऐवजी व्हीएक्सवर्क्स ही आटोपशीर प्रणाली बसविण्यात आली. ज्यांना लिनक्स हवे होते त्यांच्यासाठी डब्ल्यूआरटी५४जीएल हा स्वतंत्र नमुना जुन्या मेमरीसह ठेवावा लागला. बाहेरून डबे सारखे, नाव जवळजवळ तेच, आतील ऐपत मात्र निम्मी! राऊटरच्या तळाशी चिकटविलेल्या पट्टीवर नमुन्याच्या नावापुढे जो आवृत्तिक्रमांक असतो, तो वाचल्याशिवाय फर्मवेअर उतरवू नये, हा नियम अशा प्रसंगांतूनच आला आहे.

दुसरा टप्पा अलीकडचा आहे. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या टीपी-लिंक डब्ल्यूआर८४१एन या राऊटरच्या अनेक आवृत्त्यांत ४ मेगाबाइट फ्लॅश आणि ३२ मेगाबाइट रॅम आहे. ओपनडब्ल्यूआरटीची १९.०७ ही मालिका अशा यंत्रांसाठीची अखेरची अधिकृत मालिका ठरली. २०२१ मध्ये आलेल्या २१.०२ या आवृत्तीपासून किमान अपेक्षा ८ मेगाबाइट फ्लॅश आणि ६४ मेगाबाइट रॅम अशी झाली. ही वाढ केवळ उधळपट्टी नव्हे. लिनक्सचा गाभा मोठा झाला, सेटिंगच्या पानासाठी सांकेतिक सुरक्षा आली, वाय-फायसाठी डब्ल्यूपीए३ आले. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ मधील ‘क्रॅक’ नावाची त्रुटी उघडकीस आली, तेव्हा जुने फर्मवेअर तसेच ठेवणे किती धोक्याचे आहे हे साऱ्या जगाला कळले. म्हणजे अपग्रेड करणे चूक नाही. ऐपत न पाहता करणे चूक आहे.

पुरावा आधी, रीस्टार्ट नंतर

यंत्र अडखळले की बटण बंद करून पुन्हा सुरू करणे ही सर्वांची पहिली कृती. इतिहासाच्या अभ्यासकाला ती खटकते, कारण तिने पुरावा नष्ट होतो. राऊटर आपल्या हालचालींची नोंद, म्हणजे ‘लॉग’, बहुधा रॅममध्येच ठेवतो आणि बंद होताच ती पुसली जाते. म्हणून सेटिंगचे पान उघडत असेल, तर प्रथम लॉगची प्रत उतरवून घ्यावी किंवा मोबाइलने छायाचित्र काढावे. त्यात ‘आउट ऑफ मेमरी’ असे शब्द आढळले, तर निदान निम्मे झाले. रॅम संपली की लिनक्सचा गाभा सर्व काही वाचविण्यासाठी एखादी प्रक्रिया स्वतःच बंद करतो. ती वाय-फाय सांभाळणारी असेल, तर दिवे लागलेले राहतात, केबलने जोडलेला संगणक चालतो, पण वाय-फायचे नाव यादीतून नाहीसे होते. ही खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्यानंतर दोष कोठे आहे हे वेगळे करावे. केबलने जोडलेल्या संगणकावरून राऊटरच्या स्वतःच्या पत्त्यास, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ ला, ‘पिंग’ करावे. राऊटर उत्तर देतो आणि बाहेरचे जग देत नाही, तर प्रथम सेवा पुरविणाऱ्याची लाइन आणि तिची जोडणी तपासावी. केबलवर सारे ठीक आणि वाय-फायवर नाही, तर दोष वाय-फायच्या भागात. राऊटरच गप्प असेल, तर दोष डब्यात.

डब्यातही मेमरीखेरीज दोन संशयित आहेत. पहिला अ‍ॅडॉप्टर. जुना अ‍ॅडॉप्टर भार वाढताच कमी वीज देऊ लागतो आणि राऊटर आपोआप पुन्हा सुरू होतो. त्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा अधिक अँपिअरचा दुसरा अ‍ॅडॉप्टर लावून पाहावा. दुसरा उष्णता. पत्र्याच्या छताखाली, वैशाखात, बंद कपाटात ठेवलेला राऊटर दुपारी अडखळत असेल आणि पहाटे नीट चालत असेल, तर फर्मवेअरला दोष देण्यापूर्वी त्याला उघड्या हवेत आणावे.

मेमरीचे गणित

ओपनडब्ल्यूआरटीसारख्या खुल्या प्रणालीत ‘फ्री’ ही आज्ञा दिली की मेमरीचे आकडे दिसतात. काही कंपन्यांच्या राऊटरमध्ये ते स्थितीच्या पानावर असतात. एकूण आकडा डब्यावरील आकड्याहून थोडा कमी दिसतो. गाभ्याने आपली जागा आधीच घेतलेली असते. ‘फ्री’ या रकान्यातील लहान आकडा पाहून घाबरू नये. लिनक्स मोकळी रॅम तात्पुरत्या साठ्यासाठी वापरतो आणि गरज पडताच परत देतो. पाहावयाचा रकाना ‘अव्हेलेबल’ हा.

हा आकडा सुरू केल्यानंतर तासाभराने आणि पुढे आठवडाभर रोज ठरावीक वेळी वहीत लिहावा. आकडा पहिल्यापासूनच अगदी कमी असेल, तर नवी आवृत्ती या यंत्राला जड आहे. आरंभी चांगला असून रोज थोडा थोडा घटत जात असेल आणि वाढत नसेल, तर मेमरी गळत आहे. म्हणजे एखादी प्रक्रिया घेतलेली जागा परत देत नाही. संध्याकाळी मुले मोबाइल जोडतात तेव्हाच घटत असेल, तर भार अधिक आहे. आणि आकडा स्थिर असूनही राऊटर बंद पडत असेल, तर मेमरी निर्दोष आहे. शोध दुसरीकडे वळवावा.

उपायांचा क्रम

एका वेळी एकच बदल करावा आणि दोन दिवस थांबावे. पाच बदल एकदम केले, तर यंत्र सुधारले तरी कशाने सुधारले हे कळत नाही.

पहिला उपाय : जुन्या सेटिंगचा त्याग. अपग्रेड करताना जुन्या सेटिंग तशाच राखल्या, तर नव्या आवृत्तीला त्यांचा अर्थ लागेलच असे नाही. ओपनडब्ल्यूआरटी २१.०२ मध्ये काही यंत्रांच्या केबल-जोडणीची रचनाच बदलली होती आणि तेथे जुन्या सेटिंग टाकून देणे अनिवार्य होते. म्हणून फॅक्टरी रीसेट करावा आणि सेटिंग हाताने नव्याने भराव्यात. जुनी साठविलेली फाइल पुन्हा चढवू नये. तत्पूर्वी पीपीपीओईचे नाव व पासवर्ड आणि असल्यास व्हीलॅनचा क्रमांक कागदावर लिहून घ्यावा. डबा सेवा पुरविणाऱ्याचा असेल, तर आधी त्यांना विचारल्याशिवाय रीसेटच्या छिद्रात टाचणी घालू नये. अशा डब्यांचे फर्मवेअर बहुधा तेच दुरून बदलतात. तेथे तक्रार करताना आवृत्तीचा क्रमांक आणि बिघाडाच्या वेळा लेखी द्याव्यात.

दुसरा उपाय : टेबल मोकळे करणे. यूएसबीवरील फाइल-वाटप, जाहिराती रोखण्याची मोठी यादी, वापराचे आलेख, नको असलेले पाहुण्यांचे वाय-फाय यांपैकी जे लागत नाही ते बंद करावे. जाहिराती रोखणारी यादी लहान राऊटरमध्ये पुष्कळ रॅम व्यापते. खुल्या प्रणालीत ‘झेडरॅम’ ही सोय आहे. ती रॅममधील मजकूर दाबून बसविते. त्याचा भार प्रोसेसरवर पडतो, परंतु मेमरीची ओढाताण काही अंशी सैल होते.

तिसरा उपाय : भार वाटणे. चाळीस मोबाइल जोडलेल्या वसतिगृहाचे काम घरगुती डब्याकडून अपेक्षू नये. प्रत्येक मोबाइल एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतो आणि प्रत्येकीची नोंद रॅममध्ये ठेवावी लागते. अर्ज भरण्याच्या दिवसांत संगणक कक्षातील यंत्रे केबलने जोडावीत आणि इतर मोबाइल तेवढ्यापुरते थांबवावेत.

रोज पहाटे राऊटर आपोआप रीस्टार्ट करण्याची युक्ती अनेक जण सांगतात. गळतीवर ती पट्टीसारखी चालते. जखम भरीत नाही. दुरुस्त आवृत्ती येईपर्यंत ती वापरावी, तिलाच उपाय मानू नये.

मागे फिरावे की नवे घ्यावे?

वरील उपाय थकले, तर पूर्वीच्या आवृत्तीवर परतता येते. यंत्राचा आवृत्तिक्रमांक जुळवून, केबलने जोडून, सेटिंग न राखता ते करावे आणि काम चालू असताना वीज जाऊ देऊ नये. मध्येच वीज गेली तर डबा निकामी होऊ शकतो. काही कंपन्या मागे फिरण्याची वाट बंदच ठेवतात. मागे फिरल्यावर राऊटर स्थिर होईल, परंतु जुन्या त्रुटीही परत येतील. ज्या जोडणीवरून आधार आणि बँक खात्याची माहिती जाते, तेथे ही तडजोड फार काळ ठेवता येत नाही. मेमरी खरोखरच अपुरी असेल, तर नवा डबा घ्यावा. घेताना वेगाच्या मोठ्या आकड्यांपेक्षा रॅमचा आकडा आणि फर्मवेअर किती वर्षे मिळणार हे विचारावे. जुना डबा इंटरनेटपासून तोडून मुलांना शिकण्यासाठी द्यावा. त्यावर केलेली चूक कोणाचेही वर्ष वाया घालवीत नाही.

नोंदवही

दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण दूर करता येते आणि तसे करण्याचा मार्ग आहे, ही तथागतांच्या धम्माची मांडणी आपण लहानपणापासून ऐकत आलो. कारण शोधण्याआधी दैवाला किंवा दुकानदाराला शरण जाऊ नये, एवढा तिचा अर्थ या लहानशा प्रश्नातही लागू पडतो.

आमची विनंती साधी आहे. प्रत्येक विहारातील अभ्यासिकेत, प्रत्येक वसतिगृहात राऊटरशेजारी एक वही टांगलेली असावी. तीत नमुना, आवृत्तिक्रमांक, फर्मवेअरचा क्रमांक, अपग्रेडची तारीख, मेमरीचे आकडे आणि केलेले बदल लिहिलेले असावेत. पासवर्ड मात्र वहीत नसावेत. ते जबाबदार व्यक्तीकडे बंद पाकिटात असावेत. पुणे, मुंबई, बंगळुरू येथे आणि परदेशी संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी गावी येतील तेव्हा एक तास काढून ही वही दोन मुलांना शिकवावी. एकाला नव्हे, दोघांना, म्हणजे एक पुढच्या शिक्षणास गेला तरी ज्ञान मागे राहील. अर्जाच्या शेवटच्या रात्री दूरच्या जाणकाराचा फोन लागेलच असे नाही. तेव्हा वही उघडून कारण शोधणारी नववीतली मुलगीच शाळेच्या उपयोगी पडेल.