विश्लेषण : पेनल्टी हुकवूनही स्टुअर्ट पिअर्स इंग्लंडचा लाडका कसा?

फुटबॉलमध्ये कौतुक होते ते गोल करणाऱ्यांचे. बचावपटू आठवतो तो बहुधा त्याच्या चुकीमुळे. इंग्लंडचा माजी डावा बचावपटू स्टुअर्ट पिअर्सची चूक तर विश्वचषकाच्या उपांत्य फेरीतील. तरीही निवृत्तीला दोन दशके उलटल्यावर इंग्लिश चाहते त्याचे नाव आपुलकीने घेतात. असे का?

सुरुवात कशी झाली?

पिअर्स कोणत्याही बड्या क्लबच्या अकादमीत घडला नाही. लंडनच्या वेल्डस्टोन या छोट्या क्लबकडून खेळताना तो इलेक्ट्रिशियनचे काम करत असे. १९८३ मध्ये कॉव्हेन्ट्रीने आणि १९८५ मध्ये ब्रायन क्लफ यांच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टने त्याला करारबद्ध केले. फुटबॉलवर पोट भरेल याची खात्री नसल्याने फॉरेस्टच्या सामना-पुस्तिकेत तो विजेच्या कामांची जाहिरात देत असे.

‘सायको’ हे टोपणनाव कशामुळे?

जीव तोडून केलेले कडक टॅकल आणि प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर धावून जाणारा खेळ यामुळे. मात्र तो केवळ धसमुसळा नव्हता. त्याचा डावा पाय फ्री-किकसाठी प्रसिद्ध होता. टॉटनहॅमविरुद्धच्या १९९१ च्या एफए चषक अंतिम सामन्यात त्याने तसाच गोल केला, पण फॉरेस्ट १-२ असा हरला. त्याआधी १९८९ आणि १९९० मध्ये मात्र संघाने लीग चषक जिंकला होता.

१९९० मध्ये काय घडले?

तुरिनमध्ये पश्चिम जर्मनीविरुद्धची उपांत्य लढत १-१ अशी बरोबरीत सुटली. शूटआऊटमध्ये इंग्लंडच्या पहिल्या तिघांनी गोल केले. चौथ्या पिअर्सचा फटका गोलरक्षक बोडो इल्गनरच्या पायांवर आदळला. पाठोपाठ ख्रिस वॉडलने चेंडू गोलपट्टीवरून मारला आणि इंग्लंडचे आव्हान संपले.

मग तो पुन्हा पेनल्टीला का गेला?

हाच त्याच्या लोकप्रियतेचा गाभा आहे. युरो १९९६ च्या उपांत्यपूर्व फेरीत स्पेनविरुद्ध पुन्हा शूटआऊटची वेळ आली. ३४ वर्षांच्या पिअर्सला मागे राहता आले असते. कोणी दोषही दिला नसता. तो पुढे आला, गोल केला आणि मुठी आवळून वेम्बलीच्या गर्दीकडे पाहत गर्जना केली. सहा वर्षे साठलेली सल त्या चेहऱ्यावर साऱ्या देशाने पाहिली. चारच दिवसांनी जर्मनीविरुद्धही त्याने पेनल्टी सत्कारणी लावली. त्या वेळी गॅरेथ साउथगेटची पेनल्टी अडवली गेली आणि इंग्लंड हरला.

क्लबशी नाते कसे होते?

१९९३ मध्ये फॉरेस्टची प्रीमियर लीगमधून घसरण झाली. इंग्लंडचा प्रस्थापित खेळाडू असूनही पिअर्सने संघ सोडला नाही. पुढच्याच हंगामात फॉरेस्टने पुनरागमन केले. त्याने या क्लबला १२ वर्षे दिली. देशासाठी ७८ सामने खेळले.

अखेर कशी झाली?

२००२ मध्ये मँचेस्टर सिटीला प्रीमियर लीगमध्ये परत नेऊन, चाळिशीच्या उंबरठ्यावर तो थांबला. अखेरच्या सामन्यात कारकीर्दीतील शंभराव्या गोलची संधी पेनल्टीच्या रूपाने आली आणि तीही हुकली. मात्र या वेळी कोणी त्याला बोल लावला नाही.