सोळा मात्रांचा वर्ग

कथकमध्ये एम. ए. करायचं ठरवलं, तेव्हा मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. विशारद आधीच झालं होतं. त्यामुळे ‘आता आणखी काय शिकायचं राहिलंय?’ असं स्टाफरूममध्ये बऱ्याच जणींनी विचारलं. नाचता येत होतं. पण वर्गभर मुलांना एकाच वेळी कसं शिकवायचं, हे विशारदच्या परीक्षेत कुणी विचारलं नव्हतं.

शाळा, मग वह्या, मग रियाज, रात्री वाचन. दमायला व्हायचं. नोकरी सांभाळून शिकणारी प्रत्येकजण दमते, त्यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

वाचताना दोन माणसं भेटली. रुडॉल्फ लाबान यांचं शिक्षकांसाठी लिहिलेलं नृत्यशिक्षणाचं पुस्तक 1948 साली इंग्लंडमध्ये निघालं. हालचालीतलं वजन, अवकाश, वेळ आणि प्रवाह मुलांनी स्वतः शोधावेत, असं ते सांगतात. दुसऱ्या मार्गारेट ह’डब्लर. जीवशास्त्राची पदवी घेतलेल्या या बाई विस्कॉन्सिन विद्यापीठात बास्केटबॉल शिकवायच्या. 1916 साली पुढच्या अभ्यासाला त्या कोलंबिया विद्यापीठात गेल्या आणि 1917 मध्ये परतून नृत्य शिकवू लागल्या. 1926 साली त्याच विद्यापीठात अमेरिकेतला नृत्याचा पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. एक नोकरदार शिक्षिका शिकून आली म्हणून हे घडलं, याचा मला फार आधार वाटायचा.

आधार आपल्याकडेही होता. रोहिणीताई भाटे यांनी 1947 साली पुण्यात नृत्यभारती सुरू केली, पुढे पुणे विद्यापीठातल्या ललित कला केंद्राच्या कथक अभ्यासक्रमाला आकार दिला. नाचणाऱ्याने विचारही करायचा असतो, हा संस्कार पुण्यातल्या कथकला त्यांच्यामुळे मिळाला. शाळांपर्यंत मात्र तो पोचलेला नाही. तिथे नृत्य म्हणजे स्नेहसंमेलन, गाणं लावून बसवलेला नाच. हे मला तेव्हाही खटकायचं, आजही खटकतं.

लघुप्रबंधासाठी मी चौथीचा वर्ग घेतला. फरशीवर खडूने सोळा गोल काढले, एकेका मात्रेचा एकेक. तीनतालात समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून, उठून पुढच्या समेवर संपणारी तिहाई मुलांनीच बांधायची होती. बोल तीनदा यायला हवा आणि शेवटचा ‘धा’ नेमका पहिल्या गोलात पडायला हवा. मुलं चालून बघायची, एक-दोन मात्रा चुकायची, भांडायची, पुन्हा मोजायची. पाच मात्रांचा बोल तीनदा म्हणजे पंधरा, मधले एकेका मात्रेचे दोन दम म्हणजे विराम, एकूण सतरा. सतरावी मात्रा म्हणजे पुढची सम! गणिताच्या तासाला गप्प असणारी एक मुलगी हे सगळ्यांच्या आधी पायांनी सांगून मोकळी झाली. “बाई, दम नाही घेतला तर लवकर पोचतो,” असं ती म्हणाली, तेव्हा दमदार आणि बेदम तिहाईतला फरक मला वेगळा शिकवावा लागला नाही. पढंत हातावर, चाल पायात आणि हिशेब डोक्यात, हे सगळं एकाच वेळी चाललेलं मी त्या वर्गात पाहिलं. ते नसतं, तर माझा प्रबंध नुसत्या उताऱ्यांचा झाला असता.

आमच्या शाळेत आता नृत्याचा तास वेळापत्रकात आहे. तो प्रत्येक शाळेत यावा आणि तो घेणाऱ्या शिक्षिकांना पुढे शिकण्यासाठी पगारी रजा मिळावी, ही माझी मागणी आहे; शिक्षकांच्या सभेत मी ती दरवर्षी मांडते.